फिल्टरचं शोचं झाकण बदललं आणि ऑईल पाझरायला लागलं

बुलेटवाल्या मित्रांकडून हा प्रश्न सारखा येतो, आणि दोन पावसाळे तो माझ्याही घरी मुक्कामाला होता. ऑईल फिल्टरचं मूळ झाकण काढून क्रोमचं किंवा सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या यंत्राने कोरलेल्या) डिझाइनचं झाकण बसवलं. आठवडाभर गाडी झकास दिसली. मग झाकणाच्या खालच्या कडेला ओल दिसायला लागली. बोल्ट थोडे आवळले, ओल थांबली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा आवळले. आणि एक दिवस बोल्ट नुसताच फिरत राहिला. आटे गेले.

उत्तर आधीच सांगून टाकतो. या झाकणातलं ऑईल अडवते ती खाचेतली रबरी ओ-रिंग. बोल्टचं काम एवढंच की झाकण इंजिनाच्या तोंडाला टेकलेलं राहावं. एकदा धातूला धातू टेकला की पुढे कितीही आवळा, रिंगवरचा दाब वाढत नाही. तो सगळा जोर ॲल्युमिनियमच्या आट्यांवर जातो. म्हणून गळती पुन्हा पुन्हा होत असेल तर पाना बाजूला ठेवा आणि झाकणाचं माप घ्या.

माझी गाडी क्लासिक ३५०, २०१४ ची, जुन्या यूसीई इंजिनाची, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेली. या इंजिनात फिल्टर उजव्या कव्हरमध्ये असतो, त्यावर तीन बोल्टांचं गोल झाकण. सायलेन्सरचा पाईपही त्याच बाजूने जातो, त्यामुळे पहिली खूण नाकाला कळते. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर गाडी थांबली की जळक्या ऑईलचा वास यायचा. दुसरी खूण घरी, पडवीतल्या शहाबादी फरशीवर रुपयाएवढा डाग. आई रोज संध्याकाळी गाडीखाली जुना पेपर घालून ठेवायची. मी ते फार मनावर घेतलं नाही. मग एकदा कुंभार्ली घाट उतरताना उजवा बूट ब्रेकच्या पायटीवरून सटकला. खाली पाहिलं तर बुटाचा तळ ऑईलने चकचकत होता. मागच्या टायरच्या कडेलाही फवारा होता. पावसात, घाटात, मागच्या टायरवर ऑईल. त्या दिवसापासून मी हा विषय दिसण्याचा मानत नाही.

गाडी तशीच हळूहळू कराडला नेली. तिथले एक वयस्क मिस्त्री झाकणाकडे पाहूनच म्हणाले, "किती वेळा आवळलंत?"

"तीनदा."

"आवळून ऑईल थांबत नाही हो, आटे जातात. मूळ झाकण टाकलं नाही ना? ते घेऊन या. दोन्ही शेजारी ठेवू, मग बोलू."

पुढचं बरंचसं त्यांच्याकडे उभं राहून शिकलेलं आहे.

गळती नक्की कुठून?

ऑईल जिथे टपकतं तिथूनच ते निघालं असेल असं नाही. चालत्या गाडीवर वारा ते मागे नेतो आणि उतार खाली आणतो. वरच्या गॅसकेटमधून आलेलं ऑईलही झाकणाच्या कडेशी जमतं आणि दोष झाकणावर येतो. म्हणून आधी थंड इंजिनावर तो सगळा भाग डिझेलने किंवा डीग्रीझरने स्वच्छ करा, कोरडा पुसा आणि झाकणाच्या भोवती टाल्कम पावडर भुरभुरवा. गाडी चालू करून पाच-सात मिनिटं जागेवर ठेवा, मग दोन-तीन किलोमीटरची फेरी मारा. पांढऱ्या पावडरवर ऑईलची रेघ जिथून सुरू होते, ती खरी जागा.

एक फरक लक्षात ठेवा. फिल्टरच्या खोलीत ऑईल पंपाच्या दाबाखाली असतं. त्यामुळे रिंगची गळती इंजिन चालू असताना जोरात असते आणि गाडी उभी राहिली की मंदावते. उलट, रात्रभर उभ्या गाडीखालीच मोठा डाग पडत असेल आणि चालताना फारसं काही दिसत नसेल, तर ड्रेन प्लगच्या, म्हणजे खालून ऑईल काढायच्या बोल्टच्या, वॉशरकडे आधी बघा.

काढताना

इंजिन कोमट असावं, तापलेलं नको. फार तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये आटे लवकर खराब होतात आणि शेजारच्या पाईपाने हात भाजतो. खालून ऑईल काढून घ्या. तरीही फिल्टरच्या खोलीत थोडं उरतंच, ते झाकण सैल होताच बाहेर येतं. खाली पसरट घमेलं आणि पाईपावर ॲल्युमिनियम फॉईल गुंडाळून ठेवा, नाहीतर पुढचे दोन दिवस गाडी धुराडं होते.

तिन्ही बोल्ट आधी अर्धा-अर्धा फेरा सैल करा, एकच पूर्ण काढू नका. बोल्ट ज्या भोकातून निघेल तिथेच तो परत जायला हवा. मी पुठ्ठ्यावर झाकणाचा गोल काढतो आणि बोल्ट त्या-त्या जागी टोचून ठेवतो. झाकण चिकटलं असेल तर फटीत पेचकस घालून उचकटू नका. इंजिनाच्या तोंडावर एक ओरखडा पडला की नव्या रिंगलाही तो पुरून उरतो. लाकडी दांड्याने कडेवर हलकेच ठोका, गोल फिरवायचा प्रयत्न करा, सुटतं.

झाकण निघालं की पहिलं काम म्हणजे जुनी रिंग शोधा. ती झाकणाबरोबर आली का तोंडालाच चिकटून राहिली? जुनीवर नवी बसली तर दोन रिंगा होतात, झाकण टेकतच नाही आणि सुरू करताच धार लागते. फिल्टरच्या टोकाशी असलेलं छोटं रबरही तसंच आत चिकटून राहतं. टॉर्च मारून बघा. फिल्टरची दिशा आणि सोबतचे भाग काढायच्या आधी फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

दोन झाकणं शेजारी शेजारी

सगळं रहस्य इथे आहे, म्हणून घाई करू नका.

मिस्त्रींनी दोन्ही झाकणं पुसून वर्तमानपत्रावर उताणी ठेवली. मूळ झाकणाच्या खाचेत नवी रिंग बसवली आणि वर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवली. पट्टी रिंगवर डुलायला लागली, म्हणजे रिंग कडेपेक्षा वर उठलेली होती. मग तीच रिंग माझ्या डिझाइनच्या झाकणात घातली आणि पट्टी ठेवली. पट्टी सपाट टेकली. रिंगला ती लागतच नव्हती. खाच जास्त खोल कापलेली होती. त्या झाकणात रिंग नुसती पडून होती, दबत नव्हती. मी बोल्ट तीनदा आवळले तेव्हा काय आवळत होतो, हे त्या एका पट्टीने दाखवलं.

मग थोडा काळ ओल थांबायची ती कशाने? नवं रबर गरम ऑईलमध्ये किंचित फुगतं, कडेला टेकतं आणि तात्पुरतं अडवतं. थोड्या दिवसांत ते कडक झालं की पुन्हा वाट मोकळी.

हिशोब असा धरा. अशा सपाट बसणाऱ्या रिंगला जाडीच्या साधारण १५ ते ३० टक्के दाब मिळायला हवा. रिंग २.५ मिमी जाड असेल तर खाच १.९ ते २ मिमी खोल हवी, म्हणजे अर्धा मिलिमीटरच्या आसपास रिंग वर दिसली पाहिजे. डिजिटल व्हर्नियर असेल तर मोजा, नसेल तर फूटपट्टीची परीक्षा पुरेशी आहे. जास्त जाडीची रिंग कोंबणं हा उपाय मोहात पाडतो, पण रबर दाबलं की पसरतं आणि पसरायला खाचेत जागा लागते. जागा नसेल तर ते कडेत चिमटलं जातं, कापलं जातं. काही इंजिनांत रिंग झाकणाच्या बुंध्याला कडेने बसते. तिथे पट्टीची परीक्षा चालत नाही. तिथे झाकण हाताने दाबताना थोडा अडथळा जाणवला पाहिजे. सुळकन आत गेलं तर माप सैल आहे.

खाचेच्या तळावर नखही फिरवा. लेथवर पडलेल्या गोल रेघा चालतात, कारण त्या रिंगच्या दिशेनेच जातात. आतून बाहेर जाणारा आडवा ओरखडा मात्र ऑईलसाठी पन्हळच असतो. क्रोमच्या झाकणांत आणखी एक भानगड: मुलामा खाचेतही चढलेला असतो आणि काही महिन्यांनी तिथे पापुद्रे सुटतात. ते रिंगखाली तर जातातच, पण ऑईलमध्येही जातात. खाचेत मुलाम्याचे फोड दिसले तर ते झाकण इंजिनावर बसवू नका.

दुसरी गोष्ट बाहेरून कधीच दिसत नाही आणि माझ्या मते ती गळतीपेक्षा वाईट आहे. झाकणाची आतली बाजू काही वेळा फिल्टरला जागेवर दाबून धरायचं काम करते. तिथला उंचवटा शोच्या झाकणात आखूड असला, तर फिल्टर आत सैल राहतो आणि ऑईल त्याच्यातून जाण्याऐवजी शेजारून निघून जातं. फरशी कोरडी, मालक खूश, आणि इंजिनात न गाळलेलं ऑईल फिरतंय. दोन्ही झाकणांची कड एका पातळीत ठेवून आतल्या प्रत्येक उंचवट्याची उंची मोजा. फरक दिसला तर ते झाकण आहे तसं वापरायचं नाही.

तिसरी गोष्ट बोल्ट. डिझाइनच्या झाकणाचे कान, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातात त्या कडा, बहुतेक वेळा जाड असतात आणि सोबत चकचकीत स्टेनलेसचे ॲलन बोल्ट येतात. लांबी कुणी मोजत नाही. बोल्टच्या लांबीतून कानाची जाडी वजा केली की आत आट्यांत किती जातो ते कळतं. हे एम ६ चे, म्हणजे ६ मिमी जाडीचे बोल्ट असतात, आणि ॲल्युमिनियममध्ये निदान दीडपट, म्हणजे ९ मिमी पकड हवीच. त्याहून कमी असेल तर दोन-तीन आट्यांवर सगळा भार येतो आणि ते उपटून येतात. जास्त लांब बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. हाताला वाटतं घट्ट बसला, पण झाकण अजून अधांतरीच असतं. भोकाची खोली उदबत्तीच्या काडीने मोजा. काडी आत घाला, कडेशी नखाने खूण धरा, बाहेर काढून पट्टीला लावा. तिन्ही भोकं सारखी खोल असतील असं धरून चालू नका. बोल्ट तळापासून एक-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबला पाहिजे.

माझ्या झाकणात तिन्ही दोष निघाले. खाच खोल, आतला उंचवटा थोडा आखूड, आणि कान जाड असूनही बोल्ट मूळच्याच लांबीचे. मिस्त्रींनी मला जवळच्या लेथवर पाठवलं. तिथे झाकणाची टेकणारी कड एक पातळ काप घेऊन खाली आणली. कड खाली आली की खाच आपोआप उथळ होते, आणि झाकण तेवढंच आत सरकल्यामुळे उंचवटाही पुढे येतो. दोन दोष एकाच कापात गेले. मात्र काप घेताना झाकण लेथच्या पकडीत (चकमध्ये) नीट मध्यावर धरलेलं हवं, नाहीतर एक बाजू जास्त खाल्ली जाते. इंजिनाच्या तोंडाला पॉलिश पेपर लावायचा विचारही करू नका. ती भुकटी थेट ऑईलच्या वाटेवर पडते.

बसवताना

तोंड आणि खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. बोल्टच्या भोकांत ऑईल साचलेलं असतं, ते कापसाच्या काडीने शोषून घ्या. बंद भोकात ऑईल असताना बोल्ट आत घातला तर ऑईल दबत नाही, कास्टिंगला तडा जातो. ही चूक मी एका मित्राच्या गाडीवर डोळ्यांसमोर पाहिली आहे.

रिंग दर वेळी नवी. साध्या नायट्राईल रबराची रिंग १०० अंशांच्या थोड्या वरपर्यंत चांगली टिकते. व्हिटॉनची रिंग २०० अंशांच्या आसपास तग धरते, त्याच मापाची मिळाली तर घ्या. बोटाने नवं ऑईल लावून बसवा, पीळ पडलेला नको. सिलिकॉन किंवा शेलॅक लावून "खात्री" करणारे खूप आहेत. कृपा करून लावू नका. आत दबलेला सिलिकॉन शेवयांसारखा सुटतो आणि खालच्या जाळीत किंवा ऑईलच्या बारीक वाटेत अडकतो. रिंगची जागा असेल तिथे फक्त रिंग.

नवा फिल्टर थोड्या ऑईलने भिजवून घ्या, फोटो पाहून त्याच दिशेने बसवा. झाकण हाताने दाबून सगळीकडून टेकतंय का बघा, मग तिन्ही बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत फिरवा. बोटांनी जात नसेल तर आटे तिरके लागलेत, परत काढा. नंतर एकेका बोल्टला पाव-पाव फेरा, पाळीपाळीने. एक आधी पूर्ण आवळला की झाकण तिरकं बसतं आणि रिंग एका बाजूने चिमटते.

किती आवळायचं? ॲल्युमिनियममधल्या एम ६ ला साधारण १० न्यूटन-मीटर. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. टॉर्क रेंच नसेल तर सामान तोलायचा हुकाचा काटा घ्या. बोल्टच्या मध्यापासून १० सेंटीमीटरवर पान्याला काटा अडकवा आणि काटकोनात ओढा. १० किलो दाखवलं की झालं, ते जवळपास १० न्यूटन-मीटरच भरतं. पहिल्यांदा केलंत तर वाटेल, एवढंच? हो, एवढंच. आपला हात सवयीने त्याच्या दुप्पट ओढत असतो.

नवं ऑईल भरा, इग्निशन बंद ठेवून आठ-दहा किका मारा, मग स्टार्ट करा. पहिली दोन मिनिटं रेस करू नका. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत, ऑईल पोहोचेपर्यंत थोडी टिकटिक होते आणि जाते. बंद करून पाच मिनिटांनी गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा आणि काचेतून पातळी बघा. फिल्टरची खोली भरल्यामुळे ती थोडी उतरलेली असते, तेवढं ऑईल वाढवा.

आटे आधीच गेले असतील तर

टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा दोन भागांचा गोंद भरून बोल्ट बसवू नका. पहिल्या लांबच्या प्रवासात तो सुटतो, आणि एक बोल्ट सुटला की दाबाखालचं ऑईल किती वेगाने बाहेर येतं हे अनुभवायची वेळ कुणावर येऊ नये. योग्य इलाज हेलिकॉईल. भोक ६.२ किंवा ६.३ मिमीचं करतात, हेलिकॉईलच्या खास टॅपने नवे आटे पाडतात आणि स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवतात. बाहेर पुन्हा तोच एम ६ बोल्ट लागतो आणि आटे मूळपेक्षा मजबूत होतात. काम मशीन-शॉपमध्ये करून घ्या, पण दोन गोष्टी समोर उभं राहून बघा. ड्रिल आणि टॅपला भरपूर ग्रीस लावलंय का, म्हणजे किस त्यालाच चिकटतो. आणि फिल्टरच्या खोलीचं तोंड स्वच्छ फडक्याने बंद केलंय का. काम झाल्यावर ते फडकं बाहेर काढलं ना, हेही.

वरून चिकटवायची कव्हरं

काही क्रोमची कव्हरं मूळ झाकणावरच दोन बाजूंच्या टेपने किंवा त्याच बोल्टांनी बसतात. टेपवाली निरुपद्रवी आहेत, पण खाली पाणी साचतं आणि सुरू झालेली गळती लपते. काढताना हेअर ड्रायरने गरम करा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढा. उरलेला डिंक निलगिरीच्या तेलाने निघतो. बोल्टने बसणारी असतील तर वरचा लांबीचा हिशोब पुन्हा करा, कारण कव्हरची जाडी तेवढी पकड खाते.

कोकणातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. स्टेनलेसचा बोल्ट, ॲल्युमिनियमचं इंजिन आणि खारी, ओली हवा एकत्र आली की आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट जाम होतो. पुढच्या वेळी काढताना तो तुटतो किंवा आटे घेऊन येतो. मी आता मूळच्यासारखे मुलामा दिलेले स्टीलचे बोल्टच वापरतो, फक्त या झाकणाला लागतील तेवढ्या लांबीचे. स्टेनलेसच वापरायचे असतील तर आट्यांना अँटी-सीझचा (बोल्ट जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) अगदी पुसट हात द्या आणि आवळताना थोडं कमीच आवळा, कारण निसरड्या आट्यांवर त्याच ओढीत जास्त ताण येतो.

माझं झाकण लेथवरून आल्यापासून पावडरची परीक्षा मी तीनदा केली: ५० किलोमीटरनंतर, ५०० नंतर, आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर कुंभार्ली चढून-उतरून. तिन्ही वेळा पावडर पांढरीच राहिली. मूळ झाकण, त्याचे तीन बोल्ट आणि एक नवी रिंग एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाडीच्या बाजूच्या पेटीत ठेवली आहेत. लांबच्या प्रवासात रस्त्याकडेला काही झालंच, तर ८ च्या पान्याने तेवढं बदलता येतं. आईने मात्र अजून पेपर घालायचा सोडलेला नाही. सकाळी तो उचलताना ती आधी उलटसुलट करून बघते.